कामाचं व्यसन: खरंच व्यसन, की उगाच दिलेलं नाव?

अर्धविराम (धागाकर्ती): गेल्या महिन्यात चार दिवस सुट्टी घेतली. दुसऱ्याच दुपारी मी बाथरूमचं दार लावून ऑफिसच्या मेल वाचत होते. नळ सोडून, बाहेर संशय येऊ नये म्हणून! चोरून पिणारा याहून वेगळं काय करतो? 'वर्कहोलिक', म्हणजे कामाचा व्यसनी, हा शब्द रूढ केला वेन ओट्स या अमेरिकी धर्मोपदेशक-मानसशास्त्रज्ञाने, १९७१ च्या सुमारास, आणि तोही स्वतःकडे बघूनच. मला ते व्यसन वाटतं. तुम्हाला?

हरवलेला चष्मा: साफ असहमत. हल्ली कशालाही व्यसन म्हणतात. मानसोपचारातल्या डीएसएम-५ या अमेरिकी निदान-पुस्तिकेत (२०१३) वर्तनाच्या व्यसनांत एकटा जुगार आहे. आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, गेमिंगही आलं. काम दोन्हीकडे नाही. बर्नआउटची, म्हणजे कामाच्या ताणाने पार थकून जाण्याची, आयसीडीत नोंद आहे, पण आजार म्हणून नव्हे. मी रोज बारा तास काम करतो आणि मजेत आहे.

अर्धविराम: मजेत असाल तर प्रश्नच मिटला. तासांवरून हे ठरतच नाही. नॉर्वेतल्या बर्गनच्या संशोधकांनी २०१२ मध्ये सात प्रश्नांची चाचणी काढली. अपराधीपणा किंवा अस्वस्थता दाबायला काम करता का? काम करू दिलं नाही तर ताण येतो का? लोकांनी 'कमी कर' सांगूनही ऐकत नाही ना? सातपैकी चारांना 'बऱ्याचदा' किंवा 'नेहमी' आलं, तर धोक्याची खूण. माझे पाच आले.

तळटीप: म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. रात्री अकराला साहेबांचा मेसेज येतो, 'जमलं तर बघ.' नाही जमलं तर ते वर्षअखेरीला पगारवाढीत दिसतं. यात माझ्या मेंदूचा काय दोष? जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना (आयएलओ) यांनी २०२१ मध्ये सांगितलं की आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका, ३५-४० तासवाल्यांपेक्षा, सुमारे ३५ टक्के जास्त. तुम्ही हौसेने बसलात की धाकाने, शरीर विचारत नाही.

अर्धविराम: धाकाचं शंभर टक्के मान्य. पण त्या दुपारी मला कोणी बोलावलं नव्हतं. एकही मेल माझ्या नावाने नव्हती, सगळ्या सीसीतल्या. तरी वाचून झाल्यावर छातीवरचं ओझं उतरलं. अर्ध्या तासाने पुन्हा बाथरूम.

माजी धुरकट: मी सिगारेट सोडली तेव्हा सगळ्यांनी पाठ थोपटली. काम कमी केलं तर विचारतात, 'तब्येत बरी आहे ना?' शिवाय सिगारेट पूर्ण बंद करता येते, काम कसं करणार? जेवणाचा सोस असलेल्यासारखी गत. रोज ताटावर बसायचं आणि रोज हात आवरायचा.

हरवलेला चष्मा: उपमा छान, पण दारू एकदम तोडली तर झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. काम तोडलं तर फार तर चिडचिड होते.

अर्धविराम: 'फार तर' आहे का, ते घरच्यांना विचारून सांगा.

हरवलेला चष्मा: विचारलं. उत्तर इथे लिहीत नाही. मुद्द्यावर ठाम आहे.