न विचारता धरलेला होकार हा होकार असतो का?

ओसरी
बरेच दिवस मनात होतं, आज धागा काढतेय. मेल्यावर अवयव द्यायचे तर जगात ढोबळमानाने दोन पद्धती आहेत. एक म्हणजे जिवंत असताना आपण स्वतःहून फॉर्म भरून हो म्हणायचं. दुसरी, कायदा धरूनच चालतो की तुमची हरकत नाही, आणि नको असेल त्याने तसं नोंदवायचं. मला दुसरी हवी आहे.

कारण घरातलंच आहे. माझा भाऊ तीन वर्षं डायलिसिसवर आहे, आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. त्याच्या हातातल्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडून केलेल्या जागेवर, बोट ठेवलं की आत सतत झुरझुर जाणवते. दिवसभराचं पाणी सकाळी एका बाटलीत भरून ठेवतो, ती संपली की संपली, मग उन्हाळा असो की काही. आणि मी विचार करत बसते की आज कितीतरी माणसं अशी गेली असतील ज्यांना विचारलं असतं तर हो म्हणाली असती, फक्त फॉर्म भरायचा राहून गेला.

जुनाखडू
तुमच्या भावाबद्दल वाचून वाईट वाटलं, मनापासून. तरी माझा विरोध आहे.
मौनं संमतिदर्शनम् हे सुभाषित म्हणून ठीक, शरीराच्या बाबतीत नाही. साधं अपेंडिक्स काढायचं तरी सही घेतात. आणि नकार नोंदवायला जाणार कोण? ज्याला वाचता येतं, कायदा कळतो, सरकारी कचेरीची भीती वाटत नाही तो. बाकीच्यांचं गप्प राहणं म्हणजे होकार नाही, त्यांच्यापर्यंत कुणी पोचलंच नाही एवढाच त्याचा अर्थ.
ब्राझीलने १९९७ साली असा कायदा केला. लोक घाबरले, ओळखपत्रावर 'दाता नाही' असा शिक्का मारून घ्यायला लागले आणि १९९८ मध्ये सरकारला गृहीत संमती मागे घ्यावी लागली. विश्वास नसताना कायदा आणला तर हे होतं.

कवडसा
ओसरी यांना अनुमोदन. खडू, तुमच्या मुद्द्यात एक गोष्ट सुटतेय. आजच्या पद्धतीतही आपण गृहीत धरतोच की! जो काही न बोलता गेला त्याचा नकार धरतो, घरच्यांनी हो म्हटलं तरच घेतो. मग नकार धरणं सभ्यपणा आणि होकार धरणं जबरदस्ती, असं का? २००३ साली 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात एक प्रसिद्ध पेपर आला होता, त्यात संमतीचं प्रमाण जर्मनीत १२ टक्के आणि शेजारच्या ऑस्ट्रियात ९९ टक्क्यांच्याही वर. एवढा फरक काही माणसांच्या मनात नसतो, तो फॉर्ममध्ये असतो.

जुनाखडू
तेच तर म्हणतोय! फरक फॉर्मचा असेल तर ते ९९ टक्के म्हणजे लोकांची इच्छा नव्हेच. आणि ते आकडे कागदावरच्या संमतीचे आहेत, प्रत्यक्ष झालेल्या प्रत्यारोपणांचे नाहीत.
राहता राहिलं गृहीत धरणं. चुकून न घेतलेलं आणि चुकून घेतलेलं एकाच तराजूत नाही घालता येत.

रात्रपाळी
मी बरीच वर्षं समन्वयक म्हणून काम केलंय, म्हणजे पेशंट ब्रेन डेड, मेंदू कायमचा बंद पडलेला, असं जाहीर झाल्यावर नातेवाईकांशी बोलायला जाते ती मी. त्या खोलीत कायदा फार लांब असतो हो. व्हेंटिलेटरवर छाती वरखाली होत असते, मॉनिटरवर ठोके दिसतात, अंग गरम असतं. आई मुलाचा तळवा गालाला लावून म्हणते, हा बघा ना गरम आहे. डॉक्टरांनी बुबुळांवर उजेड टाकून पाहिलेला असतो, व्हेंटिलेटर काढून श्वास येतो का तेही तपासलेलं असतं, पण तिच्या हाताला जे लागतंय ते तिला खरं वाटतं आणि त्यात तिची काही चूक नाही. अशा वेळी "कायद्याने तुमचा होकार धरलाय" असं सांगायची माझी तरी हिंमत होणार नाही.
सगळे स्पेनचं उदाहरण देतात. तिथे १९७९ पासून कायद्यात संमती गृहीत आहे, पण प्रत्यक्षात घरच्यांना विचारतातच, आणि ते नको म्हणाले तर घेत नाहीत. आकडे वाढले ते १९८९ मध्ये राष्ट्रीय संस्था उभी राहिल्यावर. हॉस्पिटलांमध्ये याच कामासाठी डॉक्टर नेमले, त्यांना वाईट बातमी कशी सांगायची, कुठे थांबायचं, हे शिकवलं. आज तिथे वर्षाला दर दहा लाख लोकांमागे ४० च्या वर दाते होतात. पैसा आणि माणसं तिथे लावा, असं माझं मत.

पिंपळपान
आधी नुसतं वाचत होतो. आम्ही नाही म्हणालो होतो. वडील. समोर बसलेल्या बाईंनी खूप शांतपणे विचारलं, घाई केली नाही, पाणी दिलं. आम्ही तीन भावंडं एकमेकांकडे बघत राहिलो, कारण बाबा यावर आयुष्यात एक शब्द बोलले नव्हते आणि ज्याने हो म्हणायचं त्याच्यावर पुढे खापर फुटणार हे तिघांनाही कळत होतं. मग नाही म्हणालो, ते सोपं होतं. हृदय बाहेर काढल्यावर चार ते सहा तासच टिकतं, म्हणजे तिकडे कुणीतरी तयार राहिलं असणार, हे मला नंतर कळलं आणि अजून झोपताना आठवतं. कायद्याने हो धरलं असतं तर आमच्यावरचं ओझं उतरलं असतं असं मला खरंच वाटतं.

जुनाखडू
पिंपळपान, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल आभार. पण ओझं उतरलं असतं ते बाबा बोलले असते तर. कायदा त्यांच्या वतीने अंदाजच करणार होता, जसा तुम्ही केलात.

कवडसा
अंदाज करायचाच तर बहुसंख्यांच्या बाजूने करावा ना. वेल्सने २०१५ मध्ये कायदा बदलला तेव्हा अठराच्या खालचे, तिथे राहून वर्ष न झालेले, ज्यांना हे समजण्याची क्षमताच नाही असे, सगळे वगळले. म्हणजे खडूंना ज्यांची काळजी आहे त्यातल्या काहींची तरी सोय करता येते.

ओसरी
काल रात्री हा सगळा धागा भावाला वाचून दाखवला, डायलिसिसहून आला होता, थकलेला. मला वाटलं माझी बाजू घेईल. रात्रपाळी यांनी लिहिलेलं त्या आईचं त्याने मला परत वाचायला लावलं. मग म्हणाला, त्या बाईला न विचारता आणलेली असेल तर मला ती किडनी सुखाने वापरता येणार नाही. मी भांडले त्याच्याशी, म्हटलं तुझ्या एवढ्या चांगुलपणाला किती वर्षं आहेत. रागाच्या भरात बोलून गेले आणि नंतर रडले.
माझं मत अजूनही बदललेलं नाही, पण घरच्यांना विचारायचंच नाही असा कायदा मी आता मागणार नाही. खडू, एक विचारते. घरच्यांना विचारायचं ठरलंच, आणि नोंदणीत हो आणि नाही दोन्ही लिहायची सोय घरबसल्या मिळाली, तरी तुमचा विरोध राहील?

जुनाखडू
राहील, पण आजच्याएवढा नाही. जो दोन्हीपैकी काहीच लिहीत नाही त्याच्यापाशी मी अजून अडतो.
माझं स्वतःचं सांगायचं तर मी हो नोंदवलेलं आहे. बायकोला मात्र सांगितलं नव्हतं, ते आज जेवताना सांगितलं.