छोटं विमान पडतं ते इंजिनामुळे की वैमानिकामुळे?

उंचउडी (धागाकर्ता)

एका इंजिनाचं छोटं विमान पडल्याची बातमी आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "इंजिन बंद पडलं असेल, नाही?" मी हौशी वैमानिक आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्या वाट्याला जरा जास्तच येतो. एकच इंजिन म्हणजे एकच दोरी, ती तुटली की संपलं, अशी सरसकट समजूत आहे. माझं मत नेमकं उलट आहे.

इंजिन बंद पडलं म्हणून विमान धोंड्यासारखं खाली येत नाही. सेस्ना १७२ हे नेहमीचं छोटं विमान घ्या. वेग नीट सांभाळला तर एक किलोमीटर खाली येईपर्यंत ते साधारण नऊ किलोमीटर तरंगत पुढे जातं. कुठेतरी मोकळ्या जागेत टेकवता येतं. चाकं मोडतील, पंख वाकेल, पण माणसं बऱ्याचदा आपल्या पायांनी बाहेर येतात. जीव जातात ते बहुतेकदा धडधाकट विमानात. अशी विमानं सर्वात जास्त अमेरिकेत आहेत आणि तिथे तपासही बारकाईने होतो. तिथल्या जीवघेण्या अपघातांत वर्षानुवर्षं पहिला क्रमांक आहे तो 'हवेत ताबा सुटणे' या प्रकाराचा. एकूण अपघातांपैकी साधारण तीन चतुर्थांश वैमानिकाच्या खात्यावर मांडले जातात.

ताबा सुटतो तो मुख्यतः स्टॉलमुळे. स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे. गाडी चालवणाऱ्यांचा इथे हमखास घोटाळा होतो. पंख समोरच्या हवेला एका ठरावीक कोनापेक्षा जास्त उचलला गेला की त्यावरचा प्रवाह फाटतो आणि पंख वजन पेलेनासा होतो. कुठल्याही वेगाला, नाक खाली असतानाही हे होऊ शकतं. त्यात वळण तीव्र असेल तर पंखावर जास्त भार येतो. उंची राखून ६० अंश कलंडून वळलात की भार दुप्पट, आणि सरळ उडताना ४८ नॉटला (नॉट हे वेगाचं माप) होणारा स्टॉल ६८ नॉटला होतो. उतरण्यापूर्वीच्या शेवटच्या वळणावर हे घडलं तर सावरायला खाली उंचीच नसते.

तेव्हा यंत्राला दोष देणं सोडा. माणूस मरतो तो स्वतःच्या हाताने. पटत नसेल तर भांडा.

पानाहातोडी

भांडतो. मी विमानांची दुरुस्ती करतो, वैमानिक नाही, म्हणून खातेवही जरा दुसऱ्या बाजूने वाचतो.

तुमचे ते तीन चतुर्थांश मोजले कसे जातात ते बघा. दमट हवेत, बाहेर तापमान पंधरा अंश असताना, कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागात, बर्फ धरतो. हो, पंधरा अंशाला! पेट्रोलची वाफ होताना आणि हवा अरुंद नळीतून जाताना आतलं तापमान धाडकन खाली येतं. वाट बुजते, इंजिन गुदमरतं, बंद पडतं. विमान खाली येईपर्यंत बर्फ वितळलेला असतो, तपासणाऱ्याला इंजिन ठणठणीत सापडतं. मग अहवालात काय येतं? 'वैमानिकाने कार्ब्युरेटर हीट (बर्फ वितळवायला गरम हवा सोडणारा दांडा) वेळेवर ओढली नाही.' झाली वैमानिकाची चूक. पण गाड्यांनी कार्ब्युरेटर कधीच टाकून दिला आणि यांतली कित्येक विमानं तो अजून वागवतात, हे कोणाच्या खात्यावर?

दुसरं, टाक्या. तुमच्या १७२ मध्ये पंख वर असतात, पेट्रोल आपल्या वजनाने उतरतं, म्हणून सिलेक्टरला (कुठल्या टाकीतून पेट्रोल घ्यायचं ते ठरवणारा खटका) 'दोन्ही टाक्या' अशी जागा आहे. पायपर चेरोकीसारख्या खाली पंख असलेल्या विमानात पंप पेट्रोल ओढतो. दोन्ही टाक्या एकदम उघडल्या तर रिकाम्या टाकीतून हवाच ओढली जाईल, म्हणून तिथे डावी किंवा उजवी, एकच. बदलायला विसरलात की एक टाकी अर्धी भरलेली असताना इंजिन गप्प. विसरणं माणसाचं, मान्य. पण एका विमानात खटका 'दोन्ही'वर ठेवला की ही चूक होतच नाही आणि दुसऱ्यात दर अर्ध्या तासाने करता येते.

उंचउडी

पानाहातोडी, युक्तिवाद चतुर आहे. पण कार्ब्युरेटर हीटचा दांडा समोरच असतो, शिकताना पहिल्या आठवड्यात दाखवतात. पेट्रोल मोजायची पट्टी टाकीत बुडवायला मिनिट लागत नाही. वेळेचं गणित करून निघा, राखीव ठेवा. यात यंत्राचा काय संबंध?

टेकऑफनंतर लगेच इंजिन गेलं तरी नियम साधा आहे: नाक खाली, समोर जे दिसेल तिथे उतरा. लोक मागे धावपट्टीकडे वळतात आणि त्या वळणात स्टॉल होऊन जातात. इंजिनाने मारलं नाही, वळणाने मारलं.

पानाहातोडी

इंजिन गेलं नसतं तर वळला असता का तो?

जमिनीवरचा

मी फक्त खिडकीजवळची जागा मागणारा माणूस. पण मला वाटतं तुम्ही दोघं एकच गोष्ट दोन टोकांनी धरून ओढताय. चालू द्या, मजा येतेय.

वाऱ्यावरची

मी उड्डाण शिकवते, तेव्हा दोघांनाही चार शब्द सुनावते. पानाहातोडी, हवामानाचं नाव अजून कोणी काढलं नाही, आणि तिथे तुमचं यंत्र पूर्ण निर्दोष असतं. उंचउडी, तिथे तुमचा 'स्वतःच्या हाताने' हा शब्दही अपुरा पडतो.

१९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. बाहेर न बघता फक्त उपकरणं वाचून उडायचं प्रशिक्षण नसलेल्या वीस जणांना, बाहेरचं काही दिसणार नाही अशी व्यवस्था करून उडवलं. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला. सरासरी वेळ १७८ सेकंद. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. त्यातले एकोणीस खाली जाणाऱ्या भोवऱ्यात गेले. आता वीसपैकी वीस जण निष्काळजी होते म्हणायचं का?

कारण आपल्या कानात आहे. आतल्या कानातल्या नळ्यांमधला द्रव वळण सुरू झाल्याचं सांगतो, पण वळण तसंच चालू राहिलं की थोड्या वेळात द्रवही नळीच्या वेगाने फिरू लागतो आणि मेंदूला वाटतं आपण सरळ आहोत. हळूहळू कलंडलं तर सुरुवातही कळत नाही. नाक खाली जातं, वेग वाढतो, घाबरून माणूस योक (विमानाचं स्टिअरिंग) ओढतो. कलंडलेल्या विमानात योक ओढला की वळण आणखी आवळतं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव जॉन एफ. केनेडी ज्युनिअर १६ जुलै १९९९ च्या रात्री मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ समुद्रात कोसळले ते असेच. पायपर साराटोगा, खाली काळं पाणी, वर धूसर हवा, क्षितिज नाही. उपकरणांवर उडायचं रेटिंग, म्हणजे परवाना, त्यांच्याकडे नव्हतं. विमानात बिघाड सापडला नाही.

तिथे उडायला जायला नको होतं, हे खरं. पण चूक जमिनीवर झाली, निघायचं ठरवताना. हवेतल्या हाताला दोष देऊन काय मिळणार?

आणि स्टॉलबद्दल आमच्या जमातीचाही कान धरते. आम्ही स्टॉल शिकवतो तो तीन हजार फुटांवर, सरळ रेषेत, नाक हळूहळू आभाळाकडे उचलून, स्टॉलचा इशारा देणारा भोंगा वाजायची वाट बघत. प्रत्यक्षात तो येतो पाचशे फुटांवर, वळताना, नाक खाली असताना. मागून वारा ढकलत असतो, धावपट्टीची रेषा ओलांडून जातेय असं वाटतं, जास्त कलंडायची भीती वाटते, म्हणून विद्यार्थी नकळत आतल्या बाजूचं रडर पेडल (नाक डावी-उजवीकडे वळवणारं) दाबून नाक फिरवतो. मग आतला पंख आधी स्टॉल होतो आणि विमान त्या बाजूला उलटतं. माझ्या एका विद्यार्थ्याने हे अगदी असंच केलं. दिवसभर उत्तम उडवलं होतं पोराने, स्टॉलच्या परीक्षेत तर पैकीच्या पैकी. मी पेडल उलटं दाबलं, नाक सोडलं, पॉवर दिली आणि पुन्हा चक्कर मारली. खाली आल्यावर तो म्हणाला, "मॅडम, स्टॉल असा नसतो ना?" त्याला दाखवलेला तसा नव्हता, हे बरोबरच होतं.

तिसरी_घंटी

वाऱ्यावरची ताई, लेख म्हणून वेगळा टाका हे.

मला एक विचारायचंय. आता या विमानांत मोठे पडदे, नकाशे, कृत्रिम क्षितिज सगळं येतं. सिरस विमानाला तर अख्ख्या विमानाची पॅराशूट असते. मग हा वाद जुना झाला नाही का?

पानाहातोडी

पॅराशूट आहे, आणि उपयोगीही आहे. पण सुरुवातीच्या वर्षांत लोक ती ओढतच नव्हते. 'मी सांभाळीन' म्हणत जमिनीपर्यंत आले. प्रशिक्षणात 'आधी ओढा, मग विचार करा' असं बिंबवायला लागल्यावर आकडे सुधारले. पडद्यांचं म्हणाल तर २०१० मध्ये अमेरिकेच्या एनटीएसबीने, म्हणजे अपघात तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, छोट्या विमानांचा अभ्यास केला. पडदेवाल्या विमानांचे एकूण अपघात कमी, पण जीवघेण्या अपघातांचं प्रमाण जास्त निघालं.

उंचउडी

बघा, म्हणजे यंत्र सुधारलं तरी माणूस तोच!

पानाहातोडी

थांबा, अजून जॉन डेन्व्हर राहिला. अमेरिकन गायक. १२ ऑक्टोबर १९९७, कॅलिफोर्नियातला मॉन्टेरी उपसागर, घरी बांधलेलं लाँग-ईझी जातीचं विमान समुद्रात कोसळून गेला. त्यात टाकी बदलायचा सिलेक्टर कुठे होता? वैमानिकाच्या डाव्या खांद्याच्या मागे. तो फिरवायला विमान वळवायची दांडी सोडून, वळून, उजवा हात मागे न्यावा लागे, आणि तसं वळताना उजवा पाय पेडलवर दाबला जाई. इंधन दाखवणाऱ्या नळ्याही मागे, त्यांवर खुणा नाहीत. निघण्यापूर्वी मेकॅनिकने दांडा लांबवायला पक्कड लावून पाहिली, जमलं नाही. मागे बघायला छोटा आरसा दिला. गाठीशी २,७०० तासांहून जास्त उड्डाण असलेला माणूस होता.

उंचउडी

मग पुढचंही सांगा की. इंधन भरू का विचारलं तर नको म्हणाले. सिलेक्टर अवघड आहे हे उडण्याआधीच माहीत होतं.

पानाहातोडी

सांगतो. तपासात दोन्ही लिहिलंय: पुरेसं इंधन घेतलं नाही आणि नव्या विमानाचा सराव अपुरा, हेही, आणि सिलेक्टर तिथे बसवायचा बांधणाऱ्याचा निर्णय, हेही. तुम्ही पहिली ओळ वाचता, मी दुसरी. फरक इतकाच, की पहिली ओळ वाचून पुढच्या माणसाला 'जपून' एवढंच सांगता येतं. दुसरी वाचली तर पाना घेऊन सिलेक्टर हलवता येतो.

वाऱ्यावरची

आणि पाना लागू पडत नाही तिथे सराव. उंचउडी, तुम्ही टेकऑफनंतर इंजिन जाण्याचा शेवटचा सराव कधी केलात? वर, मोकळ्या आभाळात, पॉवर काढून, घड्याळ लावून? 'नियम साधा आहे' म्हणालात म्हणून विचारते.

उंचउडी

दीड वर्ष झालं. मान्य. तरी माझा मुद्दा सोडत नाही: निघायचं की नाही हे ठरवणारा माणूसच असतो.

पानाहातोडी

सोडू नका. पुढच्या वेळी विमानात बसलात की इंजिन सुरू करायच्या आधी डोळे मिटा आणि सिलेक्टरला हात लावून दाखवा. एवढंच.

उंचउडी

आत्ताच हँगरमध्ये जाऊन आलो. १७२ मध्ये तो दोन सीटच्या मध्ये, खाली. डोळे मिटून पहिला हात शेजारच्या दुसऱ्याच, ट्रिमच्या चाकावर पडला. दुसऱ्यांदा सापडला.