मदत हवी आहे: मंगळवेढा भागातल्या पावसाचे रोजचे जुने आकडे कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी,

आमचं रान सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यात. भारी काळं, पण सगळं कोरडवाहू. वडिलांची पद्धत एकच: पावसाळाभर रान मोकळं ठेवायचं, कुळवाच्या पाळ्या देत ओल मुरवायची आणि उत्तरा-हस्ताच्या पावसावर मालदांडी ज्वारी पेरायची. आता धाकटा भाऊ म्हणतो, पाऊस लवकर यायला लागलाय, जूनमध्ये उडीद टाकू आणि तो काढून शाळू (रब्बी ज्वारी) घेऊ. (२०२५चा मे महिना बघितल्यापासून त्याचं हे सुरू आहे. एका वर्षावर एवढी उडी मारणं मला पटत नाही.)

जून-जुलैत पश्चिमेचे ढग सह्याद्रीवरच रिकामे होतात, आपल्या वाट्याला वारा आणि भुरभूर. भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा. बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे इकडे सरकले की तो पूर्वेकडून, बहुतेक संध्याकाळी, गडगडत येतो. जिल्ह्याची वर्षाची सरासरी साडेपाचशे मिमीच्या आसपास सांगतात, पण तिचा मला काय उपयोग? १४ ऑक्टोबर २०२० सारखा एका दिवसात कोसळलेला पाऊसही त्यातच मोजला जातो.

मला बघायचंय की गेल्या तीसेक वर्षांत उडीद फुलात असताना सलग किती दिवसांची उघडीप पडली आणि १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या पेऱ्याच्या महिन्यात किती पाऊस झाला. कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय आकडे आहेत, पण मला अलीकडचेच सापडले. हवामान खात्याचा १९०१पासूनचा चौकटीनिहाय डेटा आहे, तर त्यातली एक चौकट पंचवीसेक किलोमीटरची. इथे ओढ्याच्या अलीकडे चिखलामुळे वाफसा नसतो आणि पलीकडे फुफाटा उडत असतो!

तहसीलच्या पर्जन्यमापकाच्या जुन्या नोंदवह्या आपल्याला बघायला मिळतात का? अर्ज कुणाकडे करायचा? सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्रात कुणी विचारलंय का?

आणि मोहोळ, अक्कलकोट, बार्शीकडच्या ज्यांनी उडदावर शाळू घेतलाय त्यांना विचारतो: २०२३ सारखा ऑगस्ट कोरडा गेला तेव्हा खाली ओल उरली होती का? सप्टेंबरच्या मध्याआधी पेरलं तर खोडमाशी, उशीर केला तर ओल उडते, म्हणजे हाताशी दिवस थोडेच. उत्तर देताना जमीन किती खोल आहे तेवढं जरूर लिहा, मुरमाड रानाचा हिशेब आमच्याकडे लागू व्हायचा नाही.