सिग्नलला एसी गरम, हायवेला गारेगार, आणि आता काटाही वर चढतोय. हेड गॅस्केट खरंच गेलं असेल का?

शीळफाटा_रोजचा

नमस्कार मंडळी. गाडी २०१३ ची पेट्रोल सेडान, मॅन्युअल, नव्वद हजाराच्या पुढे पळालीय. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, नाहीतर अर्धा धागा "ही घ्यायलाच नको होती" यातच जाईल.

प्रॉब्लेम असा आहे की गाडी पळत असली की एसी मस्त लागतो, मागे बसलेले "कमी कर" म्हणतात इतका. पण शीळफाट्याला किंवा कुठल्याही सिग्नलला पाच मिनिटं उभी राहिली की हवा कोमट येते आणि परत वेग धरला की आपोआप गार. मे महिन्यात एसीवाल्याला दाखवली, तो म्हणाला गॅस कमी आहे, भरला, पैसे घेतले, फरक शून्य. थोडे दिवस बरं वाटलं पण ते पाऊस सुरू झाला म्हणून असणार. आता गेल्या दोनेक आठवड्यांत नवीन प्रकार म्हणजे जॅममध्ये टेंपरेचरचा काटा मध्यावरून वर सरकतो, पाऊण पर्यंत जातो, गाडी हलली की खाली येतो. पाण्याच्या बाटलीत पातळी पण थोडी कमी होतेय, खाली जमिनीवर डाग मात्र नाही.

दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, पाण्याचं टोपण बघितलं आणि थेट हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्या मधलं सील) गेलं सांगितलं, इंजिन उघडावं लागेल, ३५ ते ४० हजार धरून चला म्हणे. गणपतीला गुहागरला जायचंय, सोबत आई-बाबा आणि दोन पोरं, आणि माणगावला तासन् तास अडकणं तर ठरलेलंच असतं. रेल्वेचं तिकीट आता मिळणं शक्य नाही. एवढा खर्च करायचा का? का अजून काही बघता येईल?

विदर्भवासी

इंजिन उघडू नका. पळताना गार आणि उभी असताना गरम याचा अर्थ बहुतेक वेळा रेडिएटरचा फॅन असतो. आमच्याकडे नागपुरात मे महिन्यात ४५ ला टेकलं की ज्याचा फॅन आजारी आहे त्याची गाडी सीताबर्डीच्या सिग्नलला सगळ्यात आधी सांगते. एसी लावून बॉनेट उघडा आणि बघा फॅन फिरतो का, एवढंच आधी करा.

कराडचा_मिस्त्री

दादा, वरचे भाऊ बरोबर बोलतायत, थोडं सविस्तर सांगतो कारण हाच प्रकार महिन्याला दोन-तीन वेळा माझ्या गॅरेजला येतो आणि आधी कुणीतरी गॅस भरून पैसे घेतलेले असतातच.

एसीचा कंडेन्सर म्हणजे रेडिएटरच्या पुढे असलेली जाळी, गॅसची उष्णता तिथून बाहेर पडते. गाडी ६०-८० ने चालली की समोरून वारा फुकट मिळतो म्हणून फॅन मेला तरी कळत नाही. उभी राहिली की वारा फक्त फॅनचा. तो नसला की गॅसचं प्रेशर वाढत जातं आणि ठराविक हद्दीला प्रेशर स्विच कॉम्प्रेसर कट करतो, म्हणून हवा कोमट. आणि त्याच फॅनच्या जिवावर मागचा रेडिएटर पण असतो, म्हणून पाठोपाठ काटा वर. दोन्ही लक्षणं एकाच जागी बोट दाखवतात. गॅस खरंच कमी असता तर हायवेला पण एसी ढिला लागला असता. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, कमी झाला तर लिकेज असणार, आणि लिकेज न शोधता भरणं म्हणजे तुमचे पैसे हवेत. उलट आता गॅस जास्त झालेला असू शकतो, बॉनेटच्या आतल्या स्टिकरवर किती ग्रॅम ते छापलेलं असतं, त्याने वजनावर भरला का नुसता गेज बघून अंदाजाने, ते विचारा.

आता घरी काय बघायचं ते सांगतो. इंजिन थंड असताना सुरू करा, एसी फुल, बहुतेक गाड्यांत फॅन लगेच किंवा थोड्या सेकंदात लागला पाहिजे. लागला तर वर्तमानपत्राचं एक पान पुढच्या जाळीवर धरून सोडा. पान जाळीला चिकटून राहिलं तर ओढ चांगली आहे. घसरून पडलं तर फॅनच्या मोटारीचे कार्बन (आत वीज पोचवणारे घासणारे तुकडे) झिजलेत नाहीतर जाळी मातीने भरलीय. आणि पान बाहेर उडालं तर कुणीतरी मोटार रिपेर करताना वायर उलट्या जोडल्यात, हसू नका, असल्या दोन गाड्या मी बघितल्यात. फॅन लागलाच नाही तर फ्यूज बघा, मग रिले (फॅनचा करंट चालू-बंद करणारा स्विच). बऱ्याच गाड्यांत त्याच नंबरचा दुसरा रिले बॉक्समध्ये असतो, तो अदलून बघता येतो. तरी नाही फिरला तर मोटारीला बॅटरीवरून डायरेक्ट सप्लाय द्यायचा, पण हे वायरमनकडून करून घ्या आणि बोटं पात्यांपासून लांब ठेवा. इंजिन बंद असलं तरी फॅन अचानक लागतो.

गरम इंजिनचं टोपण उघडू नका. हे चार वेळा वाचा.

जुना_चालक

मी १९८८ पासून गाडी चालवतोय. ही सगळी नवीन गाड्यांची नाटकं. सरळ थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व) काढून टाका, पाणी सतत फिरत राहील, गाडी गरमच होणार नाही. आम्ही टॅक्सीला कायम हेच करायचो. आणि घाटात एसी बंद ठेवायचा, काचा खाली करायच्या, गार वारा काय कमी आहे का कोकणात.

सेडानवाली_नाशिक

काका, एसी बंदचं मान्य पण थर्मोस्टॅट काढायचं मान्य नाही हो. इंजेक्शनच्या गाडीत ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) इंजिन थंडच आहे असं वाटत राहतं, मग तो जास्त पेट्रोल देतो आणि ॲव्हरेज ढासळतं. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅटच बायपासचा रस्ता बंद करतो, तो काढला तर पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात, म्हणजे गाडी अजून तापेल. अडकला असेल तर बदलायचा, काढायचा नाही. आणि इथे तर हायवेला काटा खाली येतोय, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असता तर ८०-१०० च्या स्पीडला अजून तापली असती.

शीळफाटा, एक काम करा. पाचशे-हजार रुपयांत ब्लूटूथवाला ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) मिळतो, स्टेअरिंगखालच्या पोर्टला लावा आणि मोबाईलवर कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं) खरं टेंपरेचर बघा. डॅशबोर्डवरच्या काट्यावर विश्वास ठेवू नका, बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम असा बनवतात की ८० पासून शंभरच्या आसपास तो मध्यावरच बसून राहतो, लोक घाबरू नयेत म्हणून. म्हणजे तो पाऊण वर गेला याचा अर्थ गाडी आधीच बरीच तापलीय. असं परत झालं तर एसी बंद, हीटर फुल गरम, ब्लोअर फुल. उकडेल, पोरं ओरडतील, पण हीटरची कोअर म्हणजे छोटा रेडिएटरच आहे. तरी काटा चढत राहिला तर बाजूला घेऊन इंजिन बंद. पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत ओढत नेऊ या हिशोबातच हेड वाकतं.

हेड गॅस्केटबद्दल: टोपण बघून कळत नाही ते. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, ऑइलच्या टोपणाखाली दुधाळ साय, इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर, सकाळी सुरू केल्या केल्या रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) दगडासारखा कडक, यातलं काही आहे का? शंका असेल तर ब्लॉक टेस्टर नावाची निळ्या द्रवाची नळी असते, पाण्यात इंजिनचा धूर मिसळत असेल तर निळ्याचं पिवळं होतं. ती टेस्ट न करता कोणी चाळीस हजार मागत असेल तर सरळ उठून यायचं.

शीळफाटा_रोजचा

सगळ्यांचे आभार, इतकं कोणी समजावून सांगत नाही. रविवारी सकाळी बिल्डिंगच्या खालीच केलं सगळं, वॉचमन टॉर्च धरून उभा.

एसी लावला, फॅन लागलाच नाही. कॉम्प्रेसरचा टक् आवाज आला पण फॅन गप्प. फ्यूज चांगला आहे. मग गाडी तशीच चालू ठेवली, नाशिकच्या ताईंनी सांगितलेला रीडर लावून बघत बसलो, ९० झालं, ९५ झालं, शंभर पार झालं आणि मग एकदम फॅन विमानासारखा सुटला. थोडा वेळ फिरून बंद. म्हणजे मोटार जिवंत आहे?? पेपर त्यावेळी जाळीला घट्ट चिकटला.

ऑइलचं टोपण स्वच्छ, धूर नाही, बुडबुडे नाहीत, होज सकाळी मऊ. बाटलीतलं पाणी मात्र तांबूस दिसतंय, हिरवं-बिरवं काही नाही. पाण्याच्या टोपणाचं रबर कडेने चिरलंय.

कराडचा_मिस्त्री

झालं, सापडलं. मोटार, मोठ्या स्पीडचा रिले, सगळं ठीक. तुमच्या फॅनला दोन स्पीड आहेत. एसी लावल्यावर जो हळू स्पीड लागतो त्याची लाइन एका रेझिस्टरमधून (करंट कमी करणाऱ्या पार्टमधून) जाते, तो फॅनच्या प्लास्टिकच्या चौकटीवरच बसवलेला असतो, पावसाचं पाणी आणि उष्णता खाऊन आतून तुटतो. मग हळू स्पीड गेला आणि गाडी खूप तापल्यावर जो जोराचा स्पीड आहे तेवढाच उरला. हळू स्पीडचा रिले पण एकदा अदलून बघा, पण माझा अंदाज रेझिस्टरवर आहे. काही गाड्यांत तो सुटा मिळतो, काहींत कंपनी पूर्ण चौकटच घ्यायला लावते, तेव्हा आधी पार्टच्या दुकानात चौकशी करा.

एक सांगून ठेवतो, वायरमन म्हणेल "साहेब रेझिस्टर काढून डायरेक्ट जोडतो, पन्नास रुपयांत काम". गाडी चालेल, पण मग एसी लावला की दरवेळी फॅन फुल स्पीडला, मोटार लवकर जाते, वायरिंग गरम होतं. प्रवासात अडचण आली तर ठीक, कायमचं नको.

पाणी कमी होतंय ते त्या टोपणामुळे. टोपण म्हणजे नुसतं झाकण नसतं, त्यात स्प्रिंगचा व्हॉल्व असतो. साधं पाणी १०० ला उकळतं, पण साधारण एक बारचा दाब धरून ठेवला की १२० च्या आसपासपर्यंत उकळत नाही. रबर चिरलं की दाब धरत नाही, पाणी लवकर उकळून बाटलीतून वाफेने जातं, म्हणून जमिनीवर डाग नाही. नवीन घेताना जुन्यावरचा आकडा बघून तोच घ्या, ०.९ असेल तर ०.९, १.१ असेल तर १.१. तांबूस पाणी म्हणजे कुणीतरी नळाचं पाणी टाकत आलंय आणि आत गंज धरलाय. फ्लश करून घ्या, म्हणजे जुनं पाणी काढून आतून धुऊन.

गुहागरची_वाट

तुमच्याच वाटेवरचा आहे म्हणून लिहितो. माणगाव आणि इंदापूर या दोन ठिकाणी गणपतीच्या आधीचे दोन दिवस गाडी गोगलगाय होते, तिथेच तुमच्या फॅनची परीक्षा. कशेडीला बोगदा झाल्यापासून घाटाचा त्रास मात्र गेलाय. जमलं तर रात्री दोन-अडीचला निघा.

आणि गावाला पोचल्यावर गाडी मांडवाच्या बाजूला, भाताच्या पेंढ्याजवळ लावू नका. उंदीर. गेल्या वर्षी आमच्या पाहुण्यांच्या गाडीची फॅनचीच वायर कुरतडली होती, परत निघताना सावर्ड्याला गाडी तापली तेव्हा कळलं. निघायच्या आधी बॉनेट उघडून एक नजर टाका, पेंढ्याच्या काड्या दिसल्या की समजायचं मुक्काम झालाय.

शीळफाटा_रोजचा

अपडेट. रेझिस्टरच निघाला, मीटर लावला तर ओपन, म्हणजे आतून तुटलेला. सुटा मिळाला, मजुरीसकट हजाराच्या आत काम झालं, टोपण वेगळे अडीचशे. जाळीत मधमाश्या, पानं आणि शीळफाट्याची सगळी धूळ होती, ती फॅनच्या बाजूने पुढे अशी कमी प्रेशरच्या पाण्याने धुतली. आता जॅममध्ये ९३ ते ९८ मध्ये खेळतं आणि एसी उभ्या गाडीत पण गार. गॅसवाल्याने वजन केलंच नव्हतं, दुसऱ्याकडे काढून स्टिकरप्रमाणे ग्रॅमवर भरून घेतला.

एकच राहिलं. फ्लशला उद्या देतोय, दुकानदार म्हणतो हिरवं कूलंट घ्या, शेजारी म्हणतो लाल जास्त चांगलं. कुठलं?

सेडानवाली_नाशिक

रंगावर जाऊ नका, रंग कंपनी हवा तो टाकते. मॅन्युअलमध्ये कुठल्या प्रकारचं लिहिलंय ते बघा आणि तेच घ्या. जुनं पूर्ण काढल्याशिवाय दुसऱ्या प्रकारचं त्यात मिसळू नका, काही जोड्यांचा चिकट गाळ होतो आणि मग रेडिएटरच बदलावा लागतो. डब्यावर "रेडी टू यूज" नसेल तर निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीत घालतो ते. बोअरचं तर अजिबात नको. साधं असेल तर दोन वर्षांनी बदला, लाँग लाइफ असेल तर डब्यावर लिहिलेलं असतं.

कराडचा_मिस्त्री

ताईंनी सांगितलं तसंच. फक्त भरल्यावर हवा काढायला सांगा. हीटर फुल गरमवर ठेवून, टोपण उघडं ठेवून, गाडी थंड असल्यापासून चालू करायची, बुडबुडे येणं थांबेपर्यंत वरून भरत राहायचं, मग टोपण. काही गाड्यांत त्यासाठी वेगळा स्क्रू असतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना बाटलीची पातळी परत बघा, थोडी उतरलेली असणार, मिन आणि मॅक्सच्या मधे आणून ठेवा. निघायच्या आदल्या दिवशी हे काम करू नका, चार दिवस आधी करा म्हणजे काही गळालं तर घरीच कळेल.