मदत हवी आहे: गोव्यात वर्षभरासाठी भाड्याचं घर मिळेना, ग्रामसभेत ठराव कसा मांडावा?

नमस्कार मंडळी,

बार्देशातल्या एका गावात राहते, नोकरी म्हापशाला. गावाचं नाव देत नाही. इथे घरमालकापासून पंचांपर्यंत सगळे एकमेकांचे सोयरे, आणि मला इथेच राहायचं आहे.

आमच्या इमारतीत सोळा फ्लॅट. पूर्वी निम्म्याहून जास्त घरांत भाडेकरू होते: बँकेतले, शाळेतले, इस्पितळातल्या नर्स. आता बहुतेक फ्लॅट पर्यटकांना रोजच्या भाड्याने जातात, आणि जिन्याच्या ग्रिलला आकडे फिरवून उघडायच्या किल्लीच्या डब्या ओळीने लटकलेल्या असतात. रात्री दोनला मोपा विमानतळावरून टॅक्सी येते, डबी उघडत नाही, मग पाहुणे ज्या दारात चपला दिसतील ती बेल वाजवतात. चपला फक्त आमच्या आणि समोरच्या आजींच्या दारात असतात. सकाळी अकराच्या सुमारास केअरटेकर पोरगा स्कूटरवर पुढ्यात चादरींचं गाठोडं घेऊन येतो, की समजायचं, पुढची पार्टी संध्याकाळी.

आवाजाचं, कचऱ्याचं एक वेळ चालवून घेऊ. खरी अडचण अशी की घरमालकांनी सांगितलंय, मे महिन्यात करार संपला की पुढे वाढवणार नाही. माणूस वाईट नाही. मी महिन्याला देते तेवढे त्याला डिसेंबरात चार-पाच रात्रींत मिळतात, हे त्याने मला कागदावर मांडून दाखवलं. गणितात चूक काढता आली नाही.

नवीन घर शोधतेय तर ब्रोकर पहिला प्रश्न विचारतो, "किती दिवसांसाठी?" दोन ठिकाणी उत्तर मिळालं की जून ते सप्टेंबर खुशाल राहा, ऑक्टोबरात सीझन सुरू व्हायच्या आत खाली करा. म्हणजे पावसाळ्यात घराला बुरशी लागू नये म्हणून आम्ही राहायचं. पर्वरीला भाडं झेपत नाही, डिचोलीला गेलं तर मुलाची शाळा बदलावी लागते.

मी जमेल तेवढं वाचलंय. पर्यटकांना घर किंवा खोली द्यायची तर १९८२ च्या गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते. परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती सरकारला कळवावी लागते. ठीक आहे. पण ही सगळी व्यवस्था पाहुणा कोण आणि धंदा नोंदलेला आहे का, एवढंच बघते. उद्या आमच्या इमारतीतले सगळेच्या सगळे फ्लॅट रीतसर नोंदवले तरी मला घर मिळणार नाही. इथे जो तो "बेकायदा होमस्टेंवर कारवाई" एवढंच बोलतो, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. मला अशा फ्लॅटच्या संख्येवर मर्यादा हवी आहे.

गावात थोडी चर्चा केली. ठराव मांडायला काही जण तयार आहेत, पण एका मावशींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "आमच्या पोटावर पाय देतेस काय गो?" त्यांचं जुनं घर, मुलगा बोटीवर, दोन खोल्या पाहुण्यांना देतात, रांधून घालतात. त्यांना धक्का लागता कामा नये. त्या आणि दिल्लीत बसून सहा फ्लॅट चालवणारा, यांच्यामधली रेघ ठरावात कशी ओढायची? पंचायतीचा असा ठराव कितपत टिकतो? आणि परदेशात जिथे असे नियम आहेत तिथे राहणाऱ्यांनी सांगा, नियम खरंच पाळले जातात का?

डोंबिवलीचा_बाबू: सोसायटी कमिटीला सांगून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नसला की लागतं ते शुल्क) दणकून लावा, आपोआप वठणीवर येतील.

धागाकर्ती: बाबू, तुमच्याकडेसुद्धा ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत, २००१ पासून. दणका कसला! आणि गोव्याचा सहकार कायदा वेगळा आहे.

कालव्याकाठी: ॲमस्टरडॅममध्ये राहतो. तुम्हाला हवी ती रेघ इथे आहे. घर पाहुण्यांना द्यायचं तर त्या पत्त्यावर तुम्ही स्वतः राहत असला पाहिजे. अख्खं घर वर्षात जास्तीत जास्त ३० रात्री (२०१९ पासून, आधी ६० होत्या; शहराच्या मध्यभागात एप्रिल २०२६ पासून १५), एका वेळी चार माणसं. परवाना लागतो, जाहिरातीत नोंदणी क्रमांक लागतो आणि प्रत्येक मुक्काम पालिकेला आधी कळवावा लागतो. आपण राहतो त्याच घरातली खोली देणाऱ्यांचा नियम निराळा, म्हणजे तुमच्या मावशी वेगळ्या खान्यात.

पाळतात का? जिथे घरं बुक करायच्या ॲपलाच जबाबदार धरलं तिथे जास्त पाळतात. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून हेच केलं. ३० दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर यजमान त्याच घरात हजर हवा, पाहुणे दोनच, आणि नोंदणी पडताळल्याशिवाय ॲपला त्या बुकिंगचे पैसे घेता येत नाहीत. जाहिराती भराभर उतरल्या. भाडी मात्र काही खाली आली नाहीत, हेही सांगून ठेवतो. बरेच जण ३० दिवसांच्या वरच्या भाड्याकडे वळले. बार्सिलोनाने तर आणखी टोक गाठलंय. पर्यटक फ्लॅटचे १०,१०१ परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवायचे, नूतनीकरण नाही.

स्वकष्टार्जित: माझा थिवीला एक फ्लॅट आहे, हप्ता अजून चालू आहे. भाडेकरू ठेवला आणि तो निघालाच नाही तर? कोर्टाच्या पायऱ्या तुम्ही चढणार का? रोजचा पाहुणा निदान तिसऱ्या दिवशी जातो तरी. शिवाय साफसफाईवाली, टॅक्सीवाला, धोबी सगळे यावर जगतात.

धागाकर्ती: भीती खोटी नाही, माझ्या मालकांनीही तेच बोलून दाखवलं. साफसफाईवालीचं म्हणाल तर आमच्याकडे येणारी अस्नोड्याहून दोन बस बदलून येते. जवळ खोली परवडत नाही म्हणून.

काळा_कोट: म्हापशात वकिली करतो. थोडं सांगतो, सल्ला म्हणून धरू नका.

"बंदी" हा शब्द ठरावात घालू नका. नोंदणीचा कायदा राज्याचा आहे, ग्रामसभा तो थांबवू शकत नाही. तुमचा ठराव ही शिफारस ठरेल. पण आकड्यांशिवायची शिफारस फायलीत झोपते, म्हणून ठरावाच्या आधी माहिती अधिकारात पर्यटन खात्याकडे अर्ज करा: या पंचायतीच्या हद्दीत नोंदणी झालेल्या जागा किती, कोणत्या प्रकारच्या, आणि फ्लॅट असेल तर सोबत कोणकोणते ना हरकत दाखले जोडलेले आहेत. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दुसरा अर्ज पंचायतीकडे, घरपट्टी राहत्या घराची भरतात की धंद्याची. मग ॲपवरच्या जाहिराती आणि ती यादी शेजारी ठेवा. यादीत नसलेल्यांची लेखी तक्रार लगेच करता येते, तिला ठराव लागत नाही.

इमारतीपुरतं बघायचं तर सोसायटीच्या उपविधीत काय लिहिलंय ते आधी पाहा. स्पेनमध्ये एप्रिल २०२५ पासून नवा पर्यटक फ्लॅट सुरू करायला इमारतीतल्या मालकांची तीन-पंचमांश संमती लागते. तशी मागणी शिफारशीत घालायला हरकत नाही. फक्त एक लक्षात घ्या, तुम्ही भाडेकरू आहात, सोसायटीच्या सभेत तुम्हाला मत नाही. समोरच्या आजी मालक असतील तर त्यांना पुढे करा.

धागाकर्ती: कोटसाहेब, आभार. आजी मालक आहेत, आणि त्यांच्या झोपेचं तर पार खोबरं झालंय, त्या एका पायावर तयार होतील. दोन्ही अर्ज सोमवारी टाकते. तोवर ठरावाचा कच्चा मसुदा असा केलाय:

"मालक स्वतः राहत असलेल्या घरातील खोल्या पर्यटकांना देण्यास ग्रामसभेचा आक्षेप नाही. मालक राहत नसलेला संपूर्ण फ्लॅट रोजच्या भाड्याने देण्यासाठी इमारतीतील मालकांची संमती बंधनकारक करावी, अशा फ्लॅटच्या संख्येवर प्रत्येक इमारतीत मर्यादा घालावी आणि जाहिरातीत नोंदणी क्रमांक छापणे सक्तीचे करावे, अशी शिफारस ही ग्रामसभा सरकारला करीत आहे."

मर्यादा किती लिहावी, चौथा हिस्सा की तिसरा? आणि "मालक स्वतः राहत असलेल्या" हे सिद्ध कसं करायचं, मतदार यादीतल्या नावावरून की आणखी कशावरून? मावशींचं घर अजून सासऱ्यांच्या नावावर आहे, म्हणून विचारते.