पेत्र आणि पौल चेहऱ्यावरून ओळखू यावेत, तर काय काढायचं?

प्रश्न (जालना): सागवानी फळीवर बायझंटाईन (पूर्वेकडच्या जुन्या ख्रिस्ती चित्रांच्या) पद्धतीनं ख्रिस्ती प्रेषित पेत्र-पौल काढायचेत, त्यांच्या २९ जूनच्या सणासाठी. रेखाटनात दोघं सारखेच दाढीवाले दिसतात. पेत्राला किल्ल्या आणि पौलाला तलवार दिली की भागेल का? शिवाय रंगाखालचा खडू-सरसाचा थर वाळला की बारीक तडे जातात.

चित्रकार, संभाजीनगर: किल्ल्या नंतर. आधी डोकं. पेत्राचे केस दाट, आखूड, कुरळे, पांढरे. दाढीही आखूड आणि गोल. पौलाचं कपाळ उंच, टक्कल पडलेलं, दाढी लांब, काळसर, टोकाला निमुळती. ही ठेवण चौथ्या शतकात पक्की झाली. रोमच्या संत थेक्ला भुयारी दफनभूमीत २००९ मध्ये उजेडात आलेल्या त्या शतकाच्या अखेरच्या चित्रात पौल असाच आहे. म्हणून दाढीची रेघ आखताना हात सैल सोडू नका, तिथंच दोघं एक होतात.

आतला झगा दोघांचा निळसर. वरचं वस्त्र पेत्राचं पिवळसर गेरूचं, पौलाचं तांबूस-जांभळट. पौलाच्या हाती पत्रांचा ग्रंथ द्या. तलवार ही पश्चिमेकडच्या मध्ययुगीन चित्रांतली खूण, इथं ती उपरी वाटते. तेजोवलयात क्रूस काढू नका, तो फक्त ख्रिस्ताच्या वलयात असतो. आणि नाव लिहिलंच पाहिजे, मराठीत लिहिलं तरी चालेल. नावाशिवाय आयकॉन (असं फळीवरचं पवित्र चित्र) पुरा होत नाही.

फळीकाम, परभणी: सागात तेल असतं, त्यावर सरस नीट धरत नाही. मुरलेली शिवण घ्या. वर सरसात भिजवलेली मलमल ताणून चिकटवा.

१ लिटर पाण्यात ७० ग्रॅम सरस रात्रभर भिजवून दुसऱ्या दिवशी गरम पाण्यात भांडं ठेवून विरघळवा. उकळी फुटू देऊ नका, सरसाची पकड जाते. मग चाळलेली खडूची पूड भुरभुरत टाका. ढवळू नका, पूड आपोआप बुडायची थांबली की पुरे. फेस झाला तर थराला सुईएवढी भोकं पडतात. पातळ ८-१० थर, प्रत्येक आधीच्याला आडवा.

तड्यांचं कारण बहुधा हे: वरच्या थरात सरस जास्त झाला, तर तो आकसताना खालच्याला ओढतो. पाणी उडून सरस दाट होतो, तेव्हा दर थराला पाणी घालून तो सारखा करा. मे महिन्याच्या उन्हात किंवा पंख्याखाली वाळवलं तरी तेच होतं. सावलीतच वाळवा. उरलेला सरस उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशीच नासतो.

प्रश्न (जालना): समजलं. पुढं प्रेषित तोमा काढायचाय. दाढी?

चित्रकार, संभाजीनगर: नाही. बायझंटाईन चित्रांत तोमा बिनदाढीचा तरुण. शुभवर्तमानकार योहान मात्र तिथं पांढऱ्या दाढीचा, मोठ्या कपाळाचा म्हातारा. पश्चिमेकडं त्याला तरुण काढतात. छापील चित्र समोर ठेवून नक्कल करताना हीच गफलत होते.