एसटीतली आमदारांची सीट : तुमच्या आमदारांच्या आठवणी सांगा (अनुभव धागा)

डबलबेल

परवा सांगोल्याहून पंढरपूरला एसटीने गेले. दहा-बारा वर्षांनी एसटीत पाय ठेवला असेल. खिडकीच्या वर पत्र्यावर रंगवलेलं 'विधानसभा / विधान परिषद सदस्य' वाचलं आणि वडील आठवले.

वडील कंडक्टर होते. त्या सीटवर कुणी बसलं की तिकीट फाडतानाच सांगून ठेवायचे, "आमदार आले तर उठावं लागेल बरं का." लोक हसायचे. आमदार कशाला येतोय एसटीनं! वडील म्हणायचे, "येतात. आमच्या गाडीला येतात." आणि ते खरंच होतं, कारण सांगोल्याचे गणपतराव देशमुख एसटीनेच फिरायचे. आमच्या भागात त्याचं कुणाला नवल वाटायचं नाही.

माझी आठवण मात्र दुसऱ्या एका आमदारांची आहे. ते आता हयात नाहीत आणि घरच्यांना विचारलेलं नाही, म्हणून नाव लिहीत नाही. मी सहावीत होते. दिवाळीच्या सुट्टीत वडिलांच्या ड्युटीवर सोबत गेले होते आणि हक्कानं त्याच सीटवर बसले होते. मधल्या एका फाट्यावर ते चढले. वडिलांनी डोळ्यांनीच खूण केली, मी उठले. ते म्हणाले, "बस गं, दोघांना पुरते." मांडीवर दोरीनं बांधलेली फाईल. वाटभर कागद वाचत, पेन्सिलीनं खुणा करत होते. मध्येच मला विचारलं, "तुमच्या गावाला पाणी कुठनं येतं?" म्हटलं, टँकरनं. "आठवड्यातनं किती खेपा?" म्हटलं दोन, कधी एकच. त्यांनी ते कागदाच्या कडेला लिहून घेतलं.

पुढे त्याचं काय झालं मला माहीत नाही. पण माझं उत्तर एका मोठ्या माणसानं लिहून घेतलं, हे मी कित्येक वर्षं उराशी धरून होते.

तुमच्याही अशा आठवणी असतील. घरात कुणी आमदार असेल, शेजारी असतील, कामासाठी दारात गेला असाल. पक्षाची भांडणं नकोत. त्या माणसांचा दिवस कसा जायचा, ते काय काम करायचे, ते सांगा.

माणगंगा

डोळ्यात पाणी आणलंस बाई.
आबासाहेबांचं, म्हणजे गणपतराव देशमुखांचं सांगते. पहिल्यांदा निवडून आले १९६२ ला. सांगोल्यातनं एकूण ११ वेळा, सगळ्या वेळा शेकापकडून (शेतकरी कामगार पक्ष). मधे १९७२ ला आणि १९९५ ला पडले. ९५ चा फरक १९२ मतांचा. आमच्या घरी त्या रात्री चूल पेटली न्हाई. आज्जी म्हणाली, आपल्या वाडीतली एवढी लग्नाला गेली नसती तर... २०२१ च्या ३० जुलैला गेले आबासाहेब.
बाकी नंतर लिहिते, दूध घालायचंय.

उन्हाळी_वांगं

वाचतेय. सुंदर धागा.
@डबलबेल सांगोला-पंढरपूर गाडी किती वाजता असते सकाळची? आईला घेऊन जायचंय, रेल्वे नको म्हणते.

ओसरी

लिहू की नको करत दोनदा खोडलं. लिहितेच.

माझे वडील एक टर्म आमदार होते. तालुका सांगत नाही. मी आठवीत असताना निवडून आले आणि माझी बारावी झाली तेव्हा पडले.

पहाटे सहाला ओसरीवर चपलांचा ढीग. आई एक मोठं पातेलं चुलीवर ठेवायची ते अकरापर्यंत उतरायचं नाही. माणसं कशाला यायची? पोराचा दाखला अडलाय, डीपी जळालाय, सातबाऱ्यावर नाव चढत नाही, सुनेला नांदवत नाहीत, बैल चोरीला गेलाय. यातलं आमदाराचं काम किती? बरंचसं तलाठ्याचं, ग्रामसेवकाचं, फौजदाराचं. पण तिथं दाद लागली नाही की माणूस आमच्या ओसरीवर यायचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, प्रत्येकाला विचारायचे, "खाल्लंय का सकाळपासनं?" आणि आधी ऐकून घ्यायचे. मग चिठ्ठी.

लग्नसराईत एका दिवसाला चौदा-पंधरा लग्नं. एका मांडवात अक्षता टाकायच्या की जीप पुढच्या मांडवाकडे. लग्नाला एकदा नाही गेलं तर चालतं, मयतीला चुकलं तर माणूस विसरत नाही, असं ते म्हणायचे. आमच्या घरातल्या एकाही वाढदिवसाला ते नव्हते. माझं दहावीचं बक्षीस घ्यायला आई एकटी आली. राग यायचा तेव्हा. खूप यायचा.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी आईनं सवयीनं पहाटे पातेलं ठेवलं. सहा वाजले, सात वाजले. कुणी नाही. फोन पण नाही. साडेसातला एक म्हातारबाबा आले, काठी टेकत. अण्णांनी विचारलं, काय काम काढलं बाबा? ते म्हणाले, "काम न्हाई. रोज येतो तसा आलो." अण्णा आत गेले आणि मोरीत उभे राहून रडले. मी पाहिलं, त्यांना कळलं नाही.

लेटरहेडचे गठ्ठे उरले होते. त्यावर पत्र लिहिणं आता बरोबर नाही म्हणून त्यांनी ते माझ्या धाकट्या भावाला दिले. त्याची सगळी गणितं त्या कागदांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आहेत. आईनं एक गठ्ठा अजून जपलाय. एका बाजूला अण्णांचं नाव, दुसऱ्या बाजूला लसावि-मसावि.

शिरीषफुलं

ओसरी 🙏 काय लिहू. आईंना नमस्कार सांग.

बाभूळबन

पण माजी आमदारांना पेन्शन असतं की आता चांगलं.

ओसरी

@बाभूळबन आता असतं. तेव्हाचं फार थोडं होतं. अण्णा परत शेतीला लागले आणि चार वर्षांत कर्ज फेडलं, निवडणुकीचं. तो विषय इथं नको, डबलबेलनं सांगितलंय.

बाभूळबन

बरोबर. माफ करा. तुमच्या वडिलांबद्दल नव्हतं ते.

चौकट

मी निवृत्त प्रतिवेदक. सभागृहात बोललेला शब्द न् शब्द लघुलिपीत उतरवून घेणं हे आमचं काम. थोड्या थोड्या वेळानं आम्ही पाळीनं आत जायचो आणि बाहेर येऊन लगेच मजकूर उतरवायचो.

लोक टीव्हीवर आरडाओरडा पाहतात आणि तेवढंच कामकाज समजतात. माझ्या मते चांगला आमदार ओळखावा तो त्याच्या तारांकित प्रश्नावरून. पहिला तास प्रश्नोत्तरांचा. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात उभं राहून उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकितला फक्त लेखी उत्तर. प्रश्न लिहिण्याची पद्धत ठरलेली: "(१) अमुक गावात टँकर नियमित येत नाही, हे खरे आहे काय; (२) असल्यास, याबाबत कोणती कार्यवाही केली; (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" उत्तर यायचं, "(१) अंशतः खरे आहे." आणि शेवटी "प्रश्न उद्भवत नाही."

खरी परीक्षा या 'अंशतः' नंतर. कच्चा आमदार खाली बसतो. पक्का आमदार विचारतो, अंशतः म्हणजे किती? कोणत्या तारखेला टँकर आला, कोणत्या तारखेला नाही? त्याच्याकडे तारखा असतात, कारण तो गावातल्या माणसाला विचारून आलेला असतो. मंत्र्याची चिठ्ठी घेऊन अधिकाऱ्यांच्या कक्षात धावपळ सुरू झाली की आम्ही समजायचो, आज उत्तर मिळणार.

रात्री उशिरापर्यंत चर्चा चालायच्या, बाक रिकामे, पत्रकार गेलेले. तरी एखादे सदस्य उभे राहून आपल्या तालुक्यातल्या एका पुलाबद्दल बोलायचे. आमच्याशिवाय ऐकणारं कुणी नसायचं. पण ते कामकाजात आलं, छापलं गेलं. मला त्या भाषणांबद्दल फार आदर आहे.

@डबलबेल, मांडीवरची दोरीबंद फाईल वाचून मी थांबलो. ती प्रश्नांचीच असणार. टँकरच्या खेपा कागदाच्या कडेला कुणी उगाच लिहीत नाही.

उन्हाळी_वांगं

"अंशतः खरे आहे" 😄 मुलाला विचारलं अभ्यास झाला का, आता हेच उत्तर देतोय. मागून वाचत होता मेला.

झिरोमाईलवाला

नागपूरवरून हाजिरी लावतो राजेहो. डिसेंबर आला का आमचं शहरच बदलते. १९५३ च्या नागपूर करारापायी अधिवेशन इकडं होते. आमदार निवासात एकेका खोलीत दहा-दहा माणसं, मतदारसंघातनं आलेली. गाद्या जमिनीवर, बाथरूमले रांग, व्हरांड्यात कपडे वाळत. साहेब स्वतः कोपऱ्यात आंग चोरून झोपलेले पाह्यले मी. माझा मामा तिथं कँटीनले होता, पोरगा म्हणून जात होतो मी त्याच्यासंगं.

मोर्चेही पाह्यले. १९९४ च्या २३ नोव्हेंबरले गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली, ११४ जीव गेले. बाया होत्या, लेकरं होती. आदिवासी म्हणून दाखला मागाले आलते. झिरो माईलपाशी त्यायचं स्मारक आहे. तिथून जातो तं चप्पल काढून हात जोडतो अजूनही. आमदार म्हटलं का मले विधानभवन नाही आठवत, ते रस्त्यावर बसून वाट पाहणारे लोक आठवतात. कोणीतरी आतून येईन अन् बोलन आपल्यासंगं, एवढंच पाह्यजे असते त्यायले.

शिरीषफुलं

🙏

गोरेगावकरीण

मृणालताई गोरेंचं नाव कसं आलं नाही अजून!! आई त्यांच्याबरोबर लाटणं मोर्चात होती. महागाई, तेल नाही, रॉकेल नाही, ७२-७३ चा काळ. ताई १९७२ ला आमदार झाल्या, पण आमच्या चाळीत त्यांना आमदार कुणी म्हणत नसे, पाणीवाली बाईच. ७७ ला लोकसभेत गेल्या तेव्हाची घोषणा आईला अजून पाठ आहे, "पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात". दिल्लीवाली बाई म्हणजे इंदिरा गांधी.

८५ ला परत विधानसभेत आल्या. गर्भलिंग चाचणीवर बंदी यावी म्हणून त्यांनी अशासकीय विधेयक मांडलं होतं. राज्याचा कायदा १९८८ मध्ये झाला, देशाचा १९९४ ला. म्हणजे आपण आधी! तेव्हा मी आईला विचारलं, अशासकीय म्हणजे काय? तिला तरी कुठे माहीत, ती तडक ताईंनाच विचारून आली. मंत्री नसलेल्या सदस्यानं आणलेलं विधेयक. सहावी शिकलेली माझी आई हे शेजारच्या बायकांना समजावून सांगायची.
कुकरची शिट्टी झाली, पळते.

जुनीपेटी

आमदार म्हणजे विधान परिषदेचेही धरायचे ना? मग वि. स. पागे. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. १९६० ते ७८ परिषदेचे सभापती.

आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची. पाझर तलावाचं काम. पोटात मामा होता. दुपारी सुकडी मिळायची, ती निम्मी पदरात बांधून घरी आणायची. पागे यांची कल्पना अशी की काम मागणाऱ्याला काम मिळणं हा हक्क असला पाहिजे. १९७७ ला रोजगार हमीचा कायदा झाला आणि त्याच्या पैशासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवलेला होता. देशपातळीवरचा कायदा यायला २००५ उजाडलं.

मी नोकरीला लागलो तेव्हा पहिल्या पगारपत्रकात तो कर कापलेला बघून कुरकुर केली होती. वडिलांनी आजीचे हात दाखवले. नखं कधी नीट आलीच नाहीत तिची.

माणगंगा

आले परत. दूध घातलं, वासरू सुटलं होतं ते पण बांधलं.
@जुनीपेटी आमच्याकडं पाझर तलावाला अजून रोहयोचा, म्हणजे रोजगार हमीचा तलावच म्हणतात. यंदा भरलाय.
@उन्हाळी_वांगं सांगोला स्टँडवर सकाळी गाड्या आहेत बऱ्याच, पण आईंना बसायला जागा पाहिजे तर सांगोल्यातनंच सुटणारी धरा. मागनं येणाऱ्या भरून येतात.

उन्हाळी_वांगं

थँक्यू गं. त्या आमदारांच्या सीटवर बसवते आईला 😊

माणगंगा

बसवा की. आमदार आले तर म्हणतील, बस गं, दोघांना पुरते.

चौकट

@डबलबेल, एक विचारू का? आपण सहावीत होता ते वर्ष कोणतं? आणि गावाचा तालुका? कामकाजाचे छापील खंड विधानमंडळाच्या ग्रंथालयात असतात. दिवाळीच्या सुट्टीत ते तुम्हाला भेटले असतील तर त्यानंतरचं अधिवेशन हिवाळी, म्हणजे नागपूरचं. सदस्याच्या नावानं सूची असते. माझे जुने सहकारी अजून आहेत तिथे. हवं तर आमदारांचं नाव मला खासगीत कळवा.

डबलबेल

सर, हात थरथरतायत टाइप करताना. हे मला कधी सुचलंच नव्हतं. वर्ष १९८६. की ८७? सहावी म्हणजे... थांबा, वडील रोजची ड्युटी वहीत लिहायचे, गाडीचा मार्ग आणि तारीख. त्या वह्या ट्रंकेत आहेत, ट्रंक माळ्यावर. रविवारी भाऊ येणार आहे, त्याला चढवते. माझं नाव असेल त्या दिवशीच्या पानावर. मी सोबत असले की ते कोपऱ्यात 'चिमी बरोबर' असं लिहायचे.